गालावरचे थेंब

नेनेनचं नाव ऑपरेशनच्या यादीतून कापलं गेलं ते माझ्यामुळे. बरं, मी काही वावगं केलं असतं तर मुकाट मान खाली घातली असती. मी चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ तिच्या डोळ्यात औषधाचे थेंब घातले, एवढाच माझा गुन्हा.

आमच्या गावात पाद्री घरी येणार असला की आठवडाभर आधी अंगण झाडतात, पडदे धुतात, कोंबड्यांना मागच्या दारी हाकलतात. डॉक्टरचंही तसंच. तपासणीची तारीख जवळ आली की कपाटातलं औषध बाहेर निघतं. पाद्री गेला की कोंबड्या पुढच्या दारी आणि डॉक्टर झाला की औषध कपाटात. मीही याच गावात वाढलेला. नेनेनला तपासणीला न्यायचं तर डोळा जरा झाडूनपुसून न्यावा, म्हणून मी बाटली हातात घेतली.

राजधानीतल्या इस्पितळात नर्स प्रॉस्पेरने डोळ्याचा दाब मोजला. एरवी अठ्ठावीस नाहीतर तीस यायचा. त्या दिवशी पंधरा आला.

"अरे वा, मातुरिनबाई! थेंब लागू पडले की!" असं म्हणत तिने टेबलावरची यादी ओढली आणि लाल पेनाने नेनेनच्या नावावर पट्टीने आखावी तशी रेघ मारली.

"अहो, रेघ कशाला?" मी उभाच राहिलो.

"ज्यांचा दाब थेंबांनी उतरतो, त्यांना डोळ्यात नळी कशाला? परदेशातली डॉक्टरीण वर्षातून एक आठवडा येते. येताना बारा नळ्या आणते. बारा म्हणजे बारा. पुढचा नंबर!"

नेनेन मात्र खुशीत उठली. दारातून बाहेर पडताना उजव्या बाजूच्या कचऱ्याच्या डब्याला धडकली आणि त्यालाच म्हणाली, "मध्ये काय उभा राहतोस?"

नेनेन म्हणजे धर्ममाता. माझ्या बाप्तिस्म्याला हिनेच मला हातावर धरलं होतं आणि तेव्हापासून हात सोडलेला नाही. पूर्ण नाव ओडिलिया मातुरिन, वय सदुसष्ट. आमच्या आन्स मार्गो गावाच्या वळणावर विलायती फणसाच्या झाडाखाली कसाव्याच्या भाकरी विकते ती तीच. शुक्रवारी कंद सोलायचे, किसायचे, कीस कापडात घालून पाणी पिळून काढायचं, कारण त्या पाण्यात विष असतं. शनिवारी पहाटे काहिलीएवढा तवा तापवायचा आणि लाकडी उलथन्याने दुपारपर्यंत भाकरी उलटायच्या. हे ती अकराव्या वर्षापासून करते. शाळेतून नाव काढलं त्याच महिन्यात तिने उजव्या अंगठ्याचं टोक किसणीला दिलं. रक्त पडलेला कीस आईने बाजूला काढला आणि म्हणाली, "उरलेल्या नऊ बोटांनी कीस." त्या दिवसापासून "मला जमत नाही" हे वाक्य नेनेनच्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. नवरा मासे विकायला शेजारच्या मार्टिनिक बेटावर गेला तो तिकडचाच झाला, तेव्हाही ती एवढंच म्हणाली, "बरं झालं, त्याला भाकरी नीट उलटता येत नव्हती."

तिचा उजवा डोळा सहा वर्षांपूर्वी गेला. ती म्हणाली धूर, शेजारीण म्हणाली नजर, डॉक्टर म्हणाले काचबिंदू. हा आजार मोठा बेरकी. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने कुरतडत आत येतो. कळतं तेव्हा अर्धं ताट रिकामं झालेलं असतं. नर्स प्रॉस्पेरने एकदा तिला तिच्याच भाषेत समजावलं होतं, "बाई, तुमचं ते पिळायचं कापड असतं ना, त्याची छिद्रं बुजली की पाणी आतच राहतं. डोळ्याचंही तसंच. पाणी आत साचतं आणि मागची शीर दाबून मारतं. नळी म्हणजे त्या कापडाला पाडलेलं एक छिद्र."

"मग कापडच बदला," नेनेन म्हणाली होती.

आता उरला डावा डोळा, आणि तोही कडेने कुरतडला जाऊ लागला होता. हे मला कुठल्या यंत्राने नव्हे, तिच्या हातांनी सांगितलं. उजव्या हातावर तव्याचे डाग जुनेच होते. डावा हात दोन वर्षांपूर्वीपर्यंत स्वच्छ होता. आता त्याच्यावर सात डाग होते. मी मोजले होते. हा डोळा गेला की तवा गेला आणि तवा गेला की नेनेनचं काय उरणार, ते मला बघायचं नव्हतं.

मिनीबसमध्ये ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ मास्तर, मी बरी झाले." मी शाळेत पाच विषयांत पास झालो तेव्हापासून ती मला मास्तर म्हणते. आज गावच्या परिषदेच्या कचेरीत मी पाणीपट्टीच्या पावत्या फाडतो, तरी मास्तरच.

"बरी नाही झालीस, नेनेन. मी चौदा दिवस थेंब घातले म्हणून दाब उतरला. आता नळी गेली हातची."

"म्हणजे घाण तू केलीस."

"मी? सहा वर्षं तू नर्सला सांगतेस, रोज दोन वेळा थेंब घालते. घातले असतेस तर दाब तीस कसा यायचा? खोटं तू बोललीस आणि फटका..."

पुढचं मी गिळलं, कारण अख्खी बस कान देऊन ऐकत होती. नेनेन सरळ समोर बघत होती.

"मी रोज घालते," ती म्हणाली.

"मग दाब?"

"ते दाबाला विचार."

त्यानंतर ती माझ्याशी बोलेना. थेंबाची बाटली मागितली तर पदराखाली लपवावी तशी तिने ती एप्रनच्या खिशात घातली. "लबाड बाईच्या डोळ्यात कशाला थेंब घालतोस? औषध नासेल." शनिवारी तव्याजवळ गेलो तर सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाली, "मास्तरांना भाकर देऊ नका. त्यांना खऱ्या माणसांच्या हातचीच लागते."

डॉक्टरीण यायला सहा आठवडे होते. मी ठरवलं, नेनेन बोलत नसेल तर तिच्या वतीने मी कबुली देतो. कचेरीत काम करून मला एवढं कळलं होतं की कुठल्याही कागदावरची रेघ दुसऱ्या कागदाने पुसता येते.

पहिल्या खेपेला इस्पितळातल्या फाइलींच्या खिडकीवर पाटी होती: जेवणाची वेळ. साडेतीनपर्यंत जेवणाची वेळच होती. दुसऱ्या खेपेला खिडकी उघडी होती आणि संगणक बंद. "सोमवारी या," खिडकीतली बाई म्हणाली. "सोमवारी संगणक चालू होईल?" "ते मी कुठे म्हटलं? सोमवारी या म्हटलं." तिसऱ्या खेपेला नर्स प्रॉस्पेर भेटली. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई थेंब घालत नाहीत. फक्त तपासणीच्या आधी मी घातले. दाब खरा तीसच आहे."

तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "म्हणजे पेशंट औषध घेत नाही?"

"नाही."

"मग नळी मिळणार नाही. जो थेंब घालत नाही तो ऑपरेशननंतर तपासणीला येत नाही. मागच्या वर्षी दोघांनी तेच केलं."

"पण मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, थेंब घातले आणि लागू पडले म्हणून नळी नाही."

"बरोबर."

"म्हणजे घातले तरी नाही आणि नाही घातले तरी नाही?"

"घालूनही दाब उतरत नाही, त्याला नळी," ती शांतपणे म्हणाली. "नियम मी केलेला नाही. आणि बाईंचा जबाब बदलायचा तर बाईंची सही लागेल."

"मी सहा वर्षं खोटं बोलले" अशा कागदावर नेनेनची सही! त्यापेक्षा तिच्याकडून पोपला पत्र लिहून घेणं सोपं होतं. परतीच्या बसमध्ये मी इतका चिडलो होतो की ड्रायव्हरने लावलेल्या रेडिओवर आमच्याकडे रोज वाचतात त्या मृत्यूच्या बातम्या चालू होत्या तर मला मेलेल्यांचा हेवा वाटला. त्यांची निदान सगळी कागदपत्रं पूर्ण झाली होती.

डॉक्टरीण सोमवारी आली. मंगळवारी मी नेनेनला थाप मारली की थेंबाची चिठ्ठी नवी करून घ्यायची आहे. ती रविवारचा झगा आणि डोक्याला चौकटीचा रुमाल बांधून आली. बसमध्ये माझ्या शेजारी न बसता ड्रायव्हरच्या शेजारी बसली.

इस्पितळाच्या बाकावर तीन तास गेले. मग नर्स प्रॉस्पेरने दाब मोजला. एकोणतीस.

"मातुरिनबाई, थेंब घालता का?"

"रोज. दोन वेळा." नेनेनने उत्तर नर्सला दिलं, पण बघितलं माझ्याकडे.

"आत्ता घालून दाखवा बरं."

मला वाटलं, संपलं. आता सगळ्यांसमोर हिला खोटं पाडणार आणि ते पाप माझ्या माथी येणार. नेनेनने एप्रनसारखाच झग्याचाही खिसा चाचपला, बाटली काढली, झाकण दातांनी उघडलं. मान मागे टाकली. बाटली दोन्ही हातांच्या तळव्यांत धरली, कारण उजव्या अंगठ्याला टोक नाही आणि डावा छप्पन वर्षं कीस पिळून काठीसारखा ताठ झालेला. तळवे एकमेकांवर दाबले, चेहरा आवळला, आणि नेमक्या त्याच क्षणी डोळाही घट्ट मिटला.

पहिला थेंब गालावर पडला. दुसरा नाकावर. तिसरा पुन्हा गालावर, आणि ओघळून कानाकडे गेला.

"झालं," नेनेन म्हणाली आणि रुमालाने गाल पुसला. "तिसरा तर भरून वाहिला."

बाकावरच्या एका म्हाताऱ्याने खोकून घेतलं.

"बाई," नर्सचा आवाज पहिल्यांदा खाली आला, "रोज असंच घालता?"

"रोज. सहा वर्षं. एक दिवस चुकला नाही. देवाच्या समोर सांगते आणि या मास्तराच्याही."

मी खाली फरशीकडे बघत होतो. फरशी स्वच्छ होती, बघण्यासारखं काही नव्हतं. सहा वर्षं या बाईने गालाला औषध पाजलं आणि हात चालत नाही एवढं एक वाक्य बोलली नाही. आणि मी, पाच विषयांत पास, अख्ख्या बससमोर तिला लबाड म्हणालो.

"सांगायचं नाही का, नेनेन?" मी पुटपुटलो.

"काय सांगायचं? एवढीशी बाटली दाबता येत नाही? मी शंभर शेराचा कीस पिळते!"

परदेशी डॉक्टरीण दारातच उभी होती. नाव विस्लर, उंची दाराएवढी. तिने नर्सला काहीतरी विचारलं, नेनेनचे अंगठे हातात घेऊन उलटसुलट बघितले आणि डोळ्याला यंत्र लावून बराच वेळ आत डोकावली. मग बोलली, नर्सने आम्हाला सांगितलं: "म्हणते, नळी हिच्यासारख्यांसाठीच तर आहे."

"मग घाला नाव!" मी म्हणालो.

"यादीत बारा नावं आहेत आणि नळ्या बारा. बाईंना तेरावी लिहिते. कुणी आलं नाही तर."

"त्यातली एक रेघ मारलेली आमचीच जागा होती ना?"

"ती जागा त्याच दिवशी भरली," नर्स म्हणाली, आणि खरं सांगायचं तर तिलाही ते सांगताना बरं वाटत नव्हतं.

बुधवारी सहा आले, सहाही जण ऑपरेशन करून गेले. मी आयुष्यात प्रथमच लोक इतके वेळेवर आलेले बघितले. आमच्याकडे लग्नाला नवरा तासभर उशिरा येतो, पण इस्पितळाच्या दारात नेमके त्याच आठवड्यात सगळे इंग्रज झाले होते. गुरुवारीही पाच गेले. उरला एकच, मंगळवारी नेनेनचे थेंब बघून खोकलेला म्हातारा. डोक्यावर गवती टोपी, पायात रबरी बूट, हातात पिवळं कार्ड, त्यावर बारा आकडा. तो नेनेनच्या शेजारी बसून आदल्या दिवसापासून भाकरीच्या गप्पा मारत होता.

"खोबऱ्याची करता का?" तो विचारत होता.

"खोबऱ्याची, साधी, कशीही. तुम्हाला दात किती आहेत त्यावर."

"खोबऱ्याच्या भाकरीपुरते आहेत."

एवढ्यात नर्स त्याच्याजवळ आली. "अल्सीदबाबा, चला. घाबरू नका, चाकू नाही, टाका नाही. दहा-बारा मिनिटं. दुखणार नाही, डोळा बधिर करतात. तुम्ही जागेच असाल, नुसतं दिव्याकडे बघायचं."

"जागा?" म्हातारा म्हणाला.

"हो."

"ती माझ्या डोळ्यात नळी घालणार आणि मी बघत बसणार?"

"बाबा, तसं दिसत नाही काही..."

"मी तर कोंबडी कापतानाही तोंड फिरवतो." त्याने पिवळं कार्ड नेनेनच्या मांडीवर ठेवलं. "बाई, तुम्ही जा. मला त्याबदल्यात दोन भाकरी. खोबऱ्याच्या."

मला त्याला थांबवायला हवं होतं. त्याचाही डोळाच होता. मी थांबवलं नाही. उलट मी उठून वाट करून दिली. थांबवायला गेली ती नेनेनच. "अहो, बसा खाली! मुकाट आत जा. मी दाराशी उभी राहून गाणं म्हणते." तो हसला आणि म्हणाला, "तुमचं गाणं ऐकून तर पळेनच." नर्सनेही हाताला धरून समजावलं, पुढच्या वर्षापर्यंत डोळा वाट बघणार नाही हे सांगितलं. तो मान हलवत राहिला.

"भाकरी कुठे पोचवायच्या?" नेनेनने विचारलं.

"वर मोर्नवर. कुणालाही विचारा, अल्सीद कुठे राहतो." आणि रबरी बूट फटफटवत तो गेला.

मग कार्ड दुसऱ्याला देता येतं का यावर पाऊण तास गेला. फाइलींची खिडकी म्हणाली, देता येत नाही. नर्स म्हणाली, तेराव्या नंबरला जागा झाली आहे, कार्डाचा प्रश्नच नाही. खिडकी म्हणाली, मग बाराव्याने सही करून जायला हवं होतं. शेवटी डॉक्टरीण हातमोजे घालून बाहेर आली आणि खिडकीकडे नुसतं बघितलं. खिडकीची जेवणाची वेळ झाली.

नेनेन वीस मिनिटांत बाहेर आली, डोळ्यावर प्लास्टिकची वाटी.

"काय झालं आत?"

"दिवा लावला. बाई बारा मिनिटं माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तेवढ्यात मी चार भाकरी उलटते. मग मला ती नळी दाखवली. म्हणजे तसलीच दुसरी, नमुन्याची. मास्तर, भाजलेल्या पिठाच्या कणाएवढी! इतक्या लांबून विमानात बसून आली आणि आणलं काय, तर एवढंसं."

महिन्याभराने दाब सोळा. आता रात्री एकच थेंब, तो मी घालतो. नर्स प्रॉस्पेर खूश आहे. नेनेन नाही. वळणावर येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं, "काय ओडिलिया, आता चांगलं दिसतं?" आणि ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगते, "होतं तेवढंच."

मी पन्नास वेळा समजावलं. "जे गेलं ते परत येत नाही, नेनेन. नळीने उरलेलं टिकतं. काही बदललं नाही हेच यश."

"मी सकाळपासून दुपारपर्यंत बसले आणि टोपलीतल्या भाकरी होत्या तेवढ्याच राहिल्या, तर तूच म्हणतोस ना धंदा बसला? मग इथे यश कसं?"

डाव्या हातावर आठवा डाग पडला तेव्हा तर तिने हात माझ्या नाकासमोर धरला. "हे बघ तुझं यश." तेव्हापासून शनिवारी पहाटे मी तिच्या डाव्या बाजूला उभा राहतो आणि तव्याची कड जवळ आली की "नेनेन, हात" म्हणतो. ती म्हणते, "कळतंय मला." कळत नसतं.

माफी मी अजून मागितलेली नाही. एकदा सुरुवात केली होती, तर म्हणाली, "ते राहू दे. अल्सीदच्या भाकरी पोचल्या का?"

नाही पोचल्या. आमच्या बेटावर प्रत्येक टेकडीला मोर्नच म्हणतात आणि बेट म्हणजे नुसत्या टेकड्या. सात मोर्न मी पालथे घातले. एका ठिकाणी अल्सीद भेटला, तो अठरा वर्षांचा निघाला. नर्सकडे पत्ता मागितला तर पेशंटचा पत्ता देता येत नाही. मग म्हटलं, निदान पुढच्या वर्षीच्या यादीत त्याचं नाव घाला. तर तो स्वतः यायला हवा. रेडिओवाल्याकडे गेलो, मृत्यूच्या बातम्यांनंतर एक निरोप वाचा म्हणून. त्याने विचारलं, "हा अल्सीद वारला का?" म्हटलं, नाही. "मग नंतर या."

नेनेन दर शनिवारी पहिल्या दोन भाकरी खोबऱ्याच्या करते, केळीच्या पानात बांधून वेगळ्या ठेवते. विकत मागितल्या तरी देत नाही. मी त्या घेऊन बसस्टँडवर जातो आणि वरच्या गावांच्या ड्रायव्हरांना विचारतो, गवती टोपी, रबरी बूट, कोंबडीचं रक्त बघवत नाही. सोमवारपर्यंत त्या दगड होतात.

"झाल्या दगड?" ती विचारते.

"झाल्या."

"कोंबड्यांना टाक. आणि शनिवारी नीट विचार, मास्तर. भेटला की त्याला आता कडेचं किती दिसतं, तेही विचार."